तुम्ही पण ग्रुपमधल्या का?

मेहरून, तू गेल्याचं मला तुझ्या गोष्टींच्या ग्रुपवर कळलं. सगळ्यांना कळलं तसंच, त्याच मेसेजमधून. तुझ्या नवऱ्यानं, इकबालभाईंनी, तो तुझ्याच फोनवरून टाकला होता, त्यामुळे वर तुझंच नाव आणि तुझाच तो हसरा फोटो. मला वाटलं, नेहमीसारखी शनिवारची गोष्ट आली असेल, म्हणून लगेच उघडलाही नाही. कुकर लावला, भाजी चिरली, मग चष्मा शोधून वाचला. तोवर खाली हात जोडलेल्यांची आणि रडक्या चेहऱ्यांची रांग लागली होती. मी जन्मात न पाहिलेली माणसं माझ्या आधी तुझ्यासाठी रडून मोकळी झाली होती.

तेव्हा मला काय वाटलं ते सरळच सांगते, कारण तुला गोडगोड बोललेलं कधी आवडलं नाही. दुःख नंतर झालं. आधी राग आला. एवढ्या वर्षांची मैत्रीण मी, आणि मला एक वेगळा फोन नाही? इकबालभाईंना दोष नाही, त्या माणसाला त्या सकाळी काय सुधरत असणार. राग तुझ्यावर आला. तू जातानासुद्धा मला सगळ्यांच्यात बसवून गेलीस.

तुझ्या घरी आले तेव्हा आत बायका कुराणाचे सिपारे वाचत बसल्या होत्या. मी पदर डोक्यावर घेऊन दाराशी टेकले. तुझं ते घर मला नवीन नाही. कपबशा कुठल्या फळीवर असतात ते मला माहीत आहे, मधल्या खोलीतल्या पंख्याचं बटण उलटं लागतं तेही माहीत आहे. पण त्या दिवशी मला कोणी ओळखत नव्हतं. शेजारी एक तरुण बाई होती, मांडीवर लेकरू. वाचन थांबलं तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि अगदी मायेनं म्हणाली, "तुमी पन ग्रुपमधल्या का?"

मेहरून, माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! मी मान हलवली, हो म्हणून. दुसरं काय सांगणार होते? ती म्हणाली, "माझा पोरगा त्यांची गोष्ट ऐकल्याबिगर जेवत नाय. आता काय सांगू त्याला?" आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तुझ्यासाठी रडायला आलेली मी तुझ्या श्रोत्यांचं सांत्वन करत बसले. तू असतीस तर तोंडावर ओढणी धरून हसली असतीस.

आपण पनवेलला ग्रंथपालाचा कोर्स करत होतो तेव्हा कुठला होता हा ग्रुप? तेव्हा ग्रुप म्हणजे आपण दोघी. मी कर्जतहून एसटीनं यायचे, तू चौकला चढायचीस, आणि मी तुझ्यासाठी खिडकीची जागा रुमाल टाकून धरलेली असायची. तुझ्या डब्यात तांदळाची भाकरी, माझ्या डब्यात वालाचं बिरडं. तुला बिरडं हवं असायचं आणि मला तुझी ती पातळ, मऊ भाकरी. वर्गीकरणाचे आकडे तुला कधी पाठ झाले नाहीत. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी बसमध्ये ते तुझ्याकडून घोकून घेतले होते. तेव्हा तू म्हणालीस, "सुनंदा, पोराला गोष्ट हवी असते गं, आकडा कोण मागतं?" मी म्हणाले, आकडा नसेल तर गोष्ट सापडणार कशी? आपलं पहिलं भांडण ते. पुढची सगळी भांडणं त्याचीच पोरं.

मग मला कर्जतच्या शाळेत नोकरी लागली, तुला खालापूरकडच्या. माझं ग्रंथालय म्हणजे ओळीनं उभी लाकडी कपाटं, प्रत्येकाला कुलूप, प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर माझ्या हातचा आकडा. तुझं ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेतून उरलेली अर्धी खोली आणि दोन लोखंडी कपाटं, त्यातल्या एकाचं दार लागत नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मला फार बरं वाटायचं. तू यायचीस, माझ्या कपाटांवरून हात फिरवायचीस आणि म्हणायचीस, "काय थाट आहे बाई तुझा!" मी वरवर म्हणायचे, छे गं, थाट कसला. आतून मात्र नवी साडी नेसल्यासारखं वाटायचं.

हे असंच राहिलं असतं तर मी तुझी फार चांगली मैत्रीण ठरले असते.

पण करोना आला आणि शाळा बंद झाल्या. सगळ्यांनाच ते ऑनलाइन शिकायला लावलं. पहिल्या प्रशिक्षणात मी आपल्या दोघींचे चेहरे त्या छोट्या चौकोनांत शेजारीशेजारी पाहिले आणि मला हसू आलं. तुझ्या मागे भिंतीवर पाल होती आणि माझ्या कुकरच्या शिट्ट्या सगळ्या तालुक्यानं ऐकल्या. मला वाटलं, चला, आपण दोघी मिळून ढ ठरणार. ढ ठरायलासुद्धा सोबत असली की काही वाटत नाही.

तू ढ ठरली नाहीस. मस्कतहून तुझी सना रोज दुपारी व्हिडिओ कॉल करायची आणि तुला शिकवायची. लेक आईला शिकवते, आई वहीत लिहून घेते, चुकते, पुन्हा करते. माझ्या मुलानं मला एकदा दाखवलं आणि दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, आई, परवाच सांगितलं ना. तेव्हापासून मी तुलाच विचारायला लागले. तू फोनवर म्हणायचीस, "सुनंदा, वरती कोपऱ्यात तीन ठिपके दिसतात का बघ." मला दिसायचे नाहीत. "अगं, उजवीकडे. एकाखाली एक." जन्मभर मी लोकांना पुस्तकं शोधून दिली आणि आता तीन ठिपके शोधत बसले होते. तुला मात्र ते सगळीकडे दिसायला लागले. तू एवढी पुढे गेलीस की मला तुझी पाठच दिसायची.

तरी ते महिने सुखाचे होते, हे मी नाकारणार नाही. तू ठरवलंस की दोन्ही शाळांच्या पुस्तकांची एकच यादी ऑनलाइन तक्त्यात करायची. रोज दुपारी जेवणं झाली की तुझा फोन यायचा. मी आठवून एकेक पुस्तक सांगायचे, तू तिकडे टाइप करायचीस. नुसतं नाव सांगून भागायचं नाही. "हे कशाबद्दल आहे गं?" असं तू विचारायचीस आणि मी सांगायला लागायचे. एकेका पुस्तकावर अर्धा अर्धा तास जायचा. मध्येच तुझा चहा उतू जायचा, माझ्या दारात भाजीवाला यायचा. आपण एवढं बोललो नव्हतो पनवेलच्या एसटीतसुद्धा. तो फोन फक्त माझा होता.

यादी झाली आणि फोन थांबला.

यादीत तू जे केलं होतंस ते मला आधी आवडलं नाही, मग आवडलं आणि मग त्याचाच त्रास व्हायला लागला. तू प्रत्येक पुस्तकापुढे एक रकाना ठेवलास, मुलांच्या शब्दांचा. मूल ग्रंथालयात येऊन लेखकाचं नाव कधी सांगत नाही. ते म्हणतं, "बाई, ते लाल पाठीचं." "ज्यात आजोबा जत्रेत हरवतात ते." "मागच्या वेळी रडायला आलं तसलं." आपण दोघींनी आयुष्यभर हे ऐकलं. मी ते ऐकून आकड्याकडे वळायचे. तू ते जसंच्या तसं त्या रकान्यात भरलंस. तुझ्या शाळेला देणगीत टॅब मिळाले होते. पोरांनी त्यातलं माइकचं चित्र दाबायचं, आपल्या बोलीत बोलायचं आणि पुस्तक समोर यायचं. पुस्तकाचं नावसुद्धा माहीत नसलेल्या पोराला पुस्तक मिळायला लागलं.

शाळा सुरू झाल्यावर एक दिवस माझ्याच शाळेतली एक मुलगी आईचा मोबाइल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "बाई, खालापूरच्या बाईंच्या यादीत दाखवतंय. आपल्या तिसऱ्या कपाटात हाय, खालच्या फळीवर." माझं कपाट! माझी फळी! मी स्वतःच्या हातानं लावलेलं पुस्तक, आणि ते कुठे आहे हे मला तुझ्या यादीवरून कळणार? मी पुस्तक काढून दिलं. यादीत त्या पुस्तकापुढे जो मजकूर होता, "हिच्यात कोणी मरत नाय पण तरी वाईट वाटतं," तो तर मीच तुला एका दुपारी फोनवर सांगितला होता, शब्द तेवढे तू पोरांचे केले होतेस. पण नाव पडलं होतं खालापूरच्या बाईंची यादी. मिरच्या झोंबल्या मला. अजून झोंबतात.

आणि तुझं नशीब तरी कसं! तू चुकलीस तरी तुझं कौतुक. एकदा तुला वाटलं, पुस्तकांची नावं अकारविल्हे लावावीत. लावलीस. पण बाकीचे रकाने तसेच ठेवून नुसता नावांचाच रकाना हलवलास. झालं! नाव एकाचं आणि पुढची माहिती भलत्याचीच. कुणी भुताची गोष्ट मागितली तर हातात परसबागेतल्या भाज्या. कुणी क्रिकेटचं मागितलं तर सासुरवाशिणीच्या ओव्या. तुझा फोन आला तेव्हा तू रडकुंडीला आली होतीस. मी समजूत घातली, होतं असं, हळू कर, सगळं काही एका दिवसात येत नाही. फोन ठेवला आणि मेहरून, मी चहा केला आणि तो चवीनं प्यायले. वाटलं, पडली एकदाची तोंडावर.

कसली पडतेस! सनानं तुला जुनी प्रत परत कशी आणायची ते दाखवलं, यादी ताळ्यावर आली. पण तोवर पोरांना ती गंमत आवडली होती. ज्या पोरानं भाज्यांचं पुस्तक नेलं त्यानं घरामागे दुधी लावला. मग तू घोळ झालेली यादीसुद्धा वेगळी जपून ठेवलीस आणि दर शनिवारी सकाळी तीच उघडायला लागलीस. उलटा शनिवार. काहीही मागायचं आणि जे मिळेल ते मुकाट्यानं घरी न्यायचं, सोमवारी येऊन काय मिळालं ते सांगायचं. मुलं शनिवारची वाट पाहायला लागली. असा घोळ मी घातला असता तर आमच्या शाळेत कारणे दाखवा नोटीस निघाली असती. तू घातलास आणि त्याचा सण झाला. मला साधी चूकसुद्धा तुझ्यासारखी जमली नाही.

मग ग्रुपवर तुझ्या आवाजातल्या गोष्टी सुरू झाल्या. माथेरानच्या हॉटेलात कामाला असलेली माणसं तिकडून घरच्या पोरांसाठी तुझी गोष्ट मागवायची म्हणे. पळसदरीच्या धरणावर आपण शाळेच्या सहली घेऊन गेलो होतो तेव्हा एक अनोळखी बाई तुझा आवाज ऐकून वळली आणि म्हणाली, "तुम्ही गोष्टीवाल्या बाई ना?" तू लाजलीस. मी तुझ्या शेजारी पाण्याची बाटली धरून उभी होते. तिनं मला विचारलं, "फोटो काढता का आमचा?" मी काढला. जरा हललेला आला, आणि मी तो पुन्हा काढला नाही.

मला दर शनिवारी गोष्ट यायची. "नमस्कार, माझ्या लाडक्या वाचकांनो." मीही त्यातलीच एक लाडकी. मी उत्तर म्हणून अंगठा पाठवायचे. एकदा तुला फोन करून म्हणाले, हल्ली तू बोलतच नाहीस. तू म्हणालीस, "अगं, दर आठवड्याला तर बोलते! तू ऐकत नाहीस वाटतं." तुला खरंच कळलं नाही की कळूनही तू हसण्यावारी नेलंस, हे मला आता कोण सांगणार?

तालुक्याच्या त्या कार्यक्रमाचं तर मी कधी बोललेच नाही. सगळ्या ग्रंथपालांना यादी कशी केली ते दाखवायला तुला व्यासपीठावर बोलावलं होतं. तू काय बोललीस बाई! हातात कागद नाही, अडखळणं नाही. मी तिसऱ्या रांगेत बसून वाट पाहत होते. माझा विषय आला आणि तू म्हणालीस, "कर्जतच्या एका सहकारी बाईंची यात फार मदत झाली." सहकारी! एका डब्यात जेवलो आपण, आणि मी सहकारी? बाहेर चहाच्या वेळी मी म्हणाले, छान झालं हो भाषण. त्या 'हो'वरून तू ओळखलंस. म्हणालीस, "तुझं नाव घेतलं असतं तर तूच ओरडली असतीस मला. चारचौघांत नाव घेतलेलं तुला कुठे चालतं?" मी म्हणाले, बरोबर आहे, नाही चालत. मेहरून, चाललं असतं. त्या दिवशी चाललं असतं.

आणि आपलं ते सगळ्यात जुनं भांडण तर अर्धंच राहिलं. माझ्या ग्रंथालयाच्या दाराशी पहिल्या दिवसापासून पाण्याची बादली आणि पंचा असतो. हात धुवायचे, तळवे दाखवायचे, मग आत. तू पहिल्यांदा ते पाहिलंस तेव्हाच म्हणालीस, "सुनंदा, हे ग्रंथालय आहे की देवघर?" मी म्हणाले, पुस्तक अनेक हातांतून जायचं असतं, पुढच्या पोराला ते मळकं का मिळावं? तुझा आवाज चढला. "माझी पोरं शेतावरून येतात, कुणी गुरं सोडून येतं. त्यांना दारातून परत पाठवू? एकदा परत गेलेलं पोर पुन्हा येत नाही." मी म्हणाले, परत पाठवू नकोस, धुवायला सांग. "आणि पाणी कुठून आणू? उन्हाळ्यात आमच्या शाळेत प्यायला नसतं." इथे आलं की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागायचे. असं किती वेळा झालं असेल कोण जाणे.

शेवटचा फोनही त्यावरच. ईदला डबा पाठवला होतास, शीरखुर्म्याचा. तो छान झाला होता हे सांगायला मी फोन केला आणि गाडी कुठून कुठे गेली. तू चिडवलंस, "आता तर सगळं स्क्रीनवर आलं, तिथं बादली कुठे ठेवशील?" मी चिडले. म्हणाले, तुला माझ्याकडून कधी काही घ्यायचंच नसतं, तू आता मोठी झालीस, सगळ्या जगाला शिकवतेस. तू म्हणालीस, "एकदा शाळेत ये गं माझ्या. शनिवारी ये. बघ तरी." मी म्हणाले, बघू. तू किती वेळा बोलावलंस मला. मी दरवेळी बघू म्हणाले. तुझ्या त्या खोलीत तुझं कौतुक पाहायला मला जायचं नव्हतं, दुसरं काही कारण नव्हतं.

तू गेल्यावर तुमच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. यादी तुझ्या नावावर आहे, सनानं तिचा ताबा द्यायची तयारी दाखवली आहे, पण इथे ती सांभाळेल असं कोणी नाही. नवीन पुस्तकं भरायची, शनिवार चालवायचे. "मॅडम, तुम्ही घ्याल का? तुम्हाला ती माहीत आहे." मी विचारलं, माझं नाव कोणी सुचवलं? त्यांना नीट सांगता आलं नाही. म्हणाले, असंच, सगळ्यांना वाटलं. माझा अभिमान तुला माहीत आहे. मला वाटलं, तू जिवंत असताना मी सहकारी आणि आता तुझी रिकामी खुर्ची पुसायला मी. पण नाही म्हटलं तर यादी तिथेच थांबणार. नवीन पुस्तकाला नवीन पोराचे शब्द मिळणार नाहीत. थोड्या दिवसांत ती जुनी होईल आणि मग कोणी उघडणार नाही. तुझ्यावर जळणं मला जमतं, मेहरून. तुझं बंद पडलेलं बघणं जमेल असं वाटेना.

म्हणून परवाच्या शनिवारी आले. कर्जतच्या स्टँडवर वडापाव घेतला, तो एसटीत खाल्ला, चौकला उतरून पुढे सहा आसनी रिक्षा धरली. रस्त्याचं काम चाललंय, अंगावर सगळी लाल धूळ. शाळेत शिरले तेव्हा तुझ्या खोलीसमोर व्हरांड्यात मुलं रांगेत उभी होती. आत टेबलावर टॅब मांडलेले. मी पर्स सावरत सरळ दारातून आत जायला लागले.

"ओ बाई! थांबा."

रांगेत पुढे एक मुलगी होती, दोन वेण्या, लाल रिबिनी. सातवीतली असेल. मला वाटलं, मला ओळखत नाही, म्हणून मी म्हणाले, मी कर्जतहून आले आहे, तुमच्या बाईंची मैत्रीण. ती म्हणाली, "असंल. पन तसं आत नाय जायचं."

तेव्हा मी खाली पाहिलं. दाराशी निळी प्लास्टिकची बादली होती. अर्धी भरलेली. वर तांब्या, बाजूला खिळ्याला पंचा अडकवलेला. तुझाच असणार तो, काठावर तुझ्या हातची ती वेडीवाकडी टीप.

मी विचारलं, "ही बादली कधीपासून?"

"पैल्यापास्नं," ती म्हणाली. "बाईंनी आमाला यक यक बाटली पानी घरून आनायला लावलीय. प्यायला अर्धी, बादलीत अर्धी. उनाळ्यात बी."

"टॅबला हात लावायलासुद्धा धुवायचे?"

"तर! कशालापन. तो कर्जतचा नियम हाय."

ती आपणहून सांगत सुटली, तुझी मुलं आहेत, गप्प कशी बसतील. "बाई म्हनायच्या, हा नियम माझा नाय, कर्जतच्या बाईंचा हाय. त्या लय कडक हायत. कवातरी शनवारी येनार हायत, आल्या की आदी तळवे बघतील. म्हनून आमी रोज तयारच असतो." मागून एकानं विचारलं, "त्या तुमीच का?"

मेहरून, तू त्या पोरांना सांगितलंस. दर शनिवारी, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मला एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? शेवटच्या फोनवर मी एवढी चिडले तरी तुझ्या तोंडून निघालं नाही की अगं वेडे, बादली आहे माझ्याकडे. मी येऊन बघावं म्हणून थांबलीस ना? आणि मी बघू म्हणत राहिले. तू 'कर्जतच्या बाई' म्हणताना तुझा आवाज कसा लागायचा, ते या रांगेतल्या प्रत्येक पोरानं ऐकलंय. मी तेवढं ऐकलेलं नाही. तुझ्या सगळ्या ग्रुपवर मी कधी एवढी जळले नव्हते जेवढी त्या पोरांवर जळले.

"हो," मी म्हणाले. "मीच ती."

झालं, सगळ्या रांगेनं हात पुढे केले. ओले, सुरकुतलेले, कुणाच्या नखांत अजून माती. मी एकेक तळवा पाहत गेले. नीट पाहिला, कारण तू त्यांना मी कडक आहे म्हणून सांगितलं होतंस आणि तुझा शब्द खोटा पडू द्यायचा नव्हता. दोघांना परत धुवायला पाठवलं. ते पळत गेले आणि पळत आले. कोणी घरी निघून गेलं नाही, मेहरून.

शेवटी मी दारात पाऊल टाकलं, तर ती लाल रिबिनीची मुलगी अजून आडवी उभी.

"आता तुमचे," ती म्हणाली.

मी हात पुढे केले. धूळ, एसटीच्या दांड्याचा काळा मळ, बोटांना वडापावचं तेल आणि लसणीच्या चटणीचा वास. तिनं वाकून पाहिलं, नाक उडवलं आणि बादलीकडे बोट दाखवलं. मी पर्स खाली ठेवली. तुझ्या बादलीतलं पाणी तिनं तांब्यानं माझ्या हातावर घातलं, जपून, थोडं थोडं. मी हात चोळले. तोंडावरून ओला हात फिरवला म्हणून बरं झालं, पोरांना काही कळलं नाही. तुझ्या पंच्याला पुसले आणि पुन्हा तिच्यापुढे धरले.

तिनं दोन्ही बाजूंनी बघितले.

"चालंल," ती म्हणाली. "या आत."